यीशिंगच्या किटल्यांत साडेपाच लाख घालावेत का?

निनाद_कोथरूड

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, पण इथे चहावाले आहेत आणि पैशातलं कळणारेही, म्हणून विचारतोय.

मी हिंजवडीत नोकरीला. गेलं वर्षभर शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कात एका गृहस्थांकडे चहाच्या बैठकीला जातो. पाच-सहा जण असतो, ऊलाँग, पुएर असले चिनी चहा इवल्याशा कपांतून पितो. गृहस्थ हौशी, बोलायला गोड. त्यांच्याकडे कपाटभर मातीच्या किटल्या आहेत, सगळ्या चीनमधल्या यीशिंगच्या. त्यातल्या काही आता 'योग्य माणसांच्या हाती' द्यायच्या आहेत म्हणाले आणि मला तीन दाखवल्या. प्रत्येकी १,८०,०००. दोन किटल्या एका पदवीधारक उस्तादाच्या हातच्या, सोबत प्रमाणपत्र आणि उस्ताद किटली घेऊन बसल्याचा फोटो. तिसरी छिंग राजवटीच्या शेवटची, म्हणजे सव्वाशे वर्षं जुनी. तिचा कागद काही नाही, पण 'बघूनच कळतं.'

त्यांचं म्हणणं असं की खाण बंद झाली, माती संपत आली, उस्ताद म्हातारे झाले, तेव्हा पाच वर्षांत दुप्पट कुठे जात नाहीत. नाहीच विकल्या गेल्या तर मी परत घेईन. निम्मे पैसे रोख दिले तरी चालतील.

एक एफडी नुकतीच सुटली आहे, त्यामुळे पैशांची अडचण नाही. बायको म्हणते सोनं घे. सासऱ्यांनी फोटो पाहिले आणि 'कसब्यात कुंभारवाड्यात विचारा, शंभरात देतील' एवढं बोलून पेपर उघडला. फोटो जोडलेत. जाणकारांनी सांगावं.

पेठेतला_जावई

सासरे बरोबर आहेत, हे मी जावई असूनही लिहितोय याची नोंद घ्यावी.

राजा केळकर संग्रहालयवाल्या दिनकर केळकरांनी जन्मभर अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या आणि अख्खा संग्रह सरकारला देऊन टाकला. पाच वर्षांत दुप्पट होईल म्हणून त्यांनी एखादा अडकित्ता घेतल्याचं ऐकिवात नाही. जमवायचंय तर जमवा की, पण मग गुंतवणूक म्हणू नका. आणि ते 'योग्य माणसांच्या हाती' बुधवारी जुन्या बाजारात ग्रामोफोनवालाही मला म्हणाला होता.

टूलरूमवाला

निनाद, फोटो मोठे करून पाहिले. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. भोसरीत टूलरूम सांभाळतो. आमचे काही साचे वूशीच्या एका कारखान्यातून येतात, त्यामुळे ट्रायलसाठी तिकडे जाणं होतं. यीशिंग वूशीच्याच अखत्यारीत येतं आणि किटल्या बनतात त्या यीशिंगमधल्या डिंगशू गावात. रविवारी कारखाना बंद, मग माझी वारी डिंगशूला. घरी एक फळी भरून किटल्या आहेत. रोज वापरतो, विकायला म्हणून एकही घेतलेली नाही.

तुम्हाला दुप्पट होतील का याची काळजी लागलीय. मला वेगळीच लागलीय: घेतल्यावर विकणार कोणाला?

त्या १,८०,००० मध्ये काय काय आहे ते बघा. किटलीला लागते मूठ-दोन मूठ माती. भट्टी साधारण अकराशे-बाराशे अंशांची, तीही एकट्या किटलीसाठी कोणी पेटवत नाही. मग कारागिराचा वेळ. पूर्ण हातानं करायची तर हे काम किचकटच आहे, चाकावर ती होतच नाही. मातीची लादी लाकडी हातोड्यानं ठोकून पातळ करायची, पट्टी कापून तिचं नळकांडं वळवायचं, मग एक हात आत घालून बाहेरून लाकडी फळीनं थापत थापत त्याला पोट आणायचं. तळ वेगळा, चोच वेगळी, कान वेगळा, झाकण वेगळं. चांगल्या माणसाचे यात दिवस जातात. पण हे सगळं धरूनही तुमच्या आकड्याच्या जवळपास पोचत नाही. उरलेली किंमत नावाची आहे. म्हणजे नाव खरं असलं तर किटली त्या भावाची, खोटं असलं तर तीच किटली चहा प्यायला बरी आहे इतकंच.

नावाला भाव कसा येतो तेही खोटं नाही. गू जिंगझौ (१९१५–१९९६) हा गेल्या शतकातला सगळ्यात मोठा किटलीवाला. १९४८ साली त्यानं केलेली, वू हूफान या चित्रकाराचं चित्र असलेली एक किटली २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात १ कोटी २३ लाख युआनला गेली. त्याचाच दहा नगांचा, खारुताई आणि द्राक्षांची नक्षी असलेला चहासंच २०१५ मध्ये ९ कोटी २० लाख युआनला. तुमचे गृहस्थ हे आकडे सांगतातच, नाही का? सगळेच सांगतात. पण त्या किटल्यांचा मालक कोण, त्याआधी कोण, चित्र कोणी काढलं, हे सगळं नोंदलेलं आहे. तुमच्या किटलीबरोबर एक फोटो आहे.

त्या फोटोबद्दल. एकाच घाटाची किटली एक उस्ताद जन्मात शेकड्यांनी करतो. फोटोतली किटली आणि तुमच्या हातातली किटली एकच, हे कशावरून? मी फोटोतली चोच आणि तुम्ही काढलेली चोच शेजारी ठेवून पाहिली. फोटोत चोचीचं टोक आणि झाकणाची कड एका पातळीत आहे. तुमच्या किटलीत टोक कडेच्या किंचित खाली. कॅमेऱ्याच्या कोनामुळे तसं दिसू शकतं. पण कान चोचीकडे झुकल्यासारखा दिसतोय, तो कोनामुळे नाही. मी एवढंच म्हणेन की या दोन वेगळ्या किटल्या असाव्यात, पैज लावणार नाही.

शिक्क्यावर जाऊ नका. तळाला एक, झाकणाच्या आत एक, कधी कानाखाली एक, असे ते असतात. असा शिक्का आमच्या टूलरूममधला शिकाऊ पोरगा जेवणाच्या सुट्टीत कोरून देईल. प्रमाणपत्राचं तेच. आणि शिक्का, प्रमाणपत्र, फोटो तिन्ही अस्सल निघाले तरी पुढचा घोळ राहतोच: किटली शागिर्दानं किंवा पैसे देऊन बसवलेल्या कारागिरानं करायची आणि शिक्का उस्तादाचा मारायचा, हे तिकडे सर्रास चालतं. मागणी वाढली, हात दोनच, मग दुसरं काय होणार? शिवाय तिकडे कारागिरांच्या पदव्यांची उतरंड आहे, राष्ट्रीय, प्रांतिक, त्याखाली आणखी पायऱ्या. पदवी वाढली की भाव वाढतो. तुमचे उस्ताद हयात आहेत ना? मग ते उद्याही किटल्या करणार आहेत.

आता 'माती संपली'. हुआंगलोंगशान डोंगरातली जी या मातीची खाण, तिच्यावर बंदी आली हे खरं. पण बंदीच्या आधी कारखान्यांनी, कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी मातीचे ढीग साठवून ठेवले. एक टन मातीत तीनशे ग्रॅमच्या तीन हजारांवर किटल्या होतात, हिशेब तुम्हीच करा. डिंगशूत ज्या दुकानात जाल तिथे माती त्याच खाणीची, जुनी, मुरवलेली. बाजारभर एकच खाण! २०१० मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीनंच दाखवलं होतं की साध्या मातीत मँगनीज डायऑक्साइडसारखे रंग घालून ती यीशिंगची 'अस्सल जांभळी' माती म्हणून विकतात. त्यानंतर बाजारात बोंबाबोंब झाली, आणि मग पुन्हा भाव चढले. त्याआधी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तैवान-हाँगकाँगच्या शौकिनांनी भाव असेच आभाळाला नेले होते, तेही नंतर खाली आले. २०१२-१३ नंतर चीनमध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहीम सुरू झाली आणि साहेबांना महागडी भेट देणं धोक्याचं झालं, तेव्हा पुन्हा एक फटका. तुमच्या पाच वर्षांत काय होईल ते बीजिंगमध्ये ठरणार, कोथरूडमध्ये नाही.

तिसरी, ती 'छिंग'वाली. चीननं २००७ पासून नियम कडक केलेत, १९११ च्या आधीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे. तेव्हा तुमच्या गृहस्थांनी ती त्यानंतर चीनमधून आणली असेल तर एक तर ती जुनी नाही, नाही तर ती चोरवाटेनं आलीय. तिसरी शक्यता आहे: या किटल्या सतराव्या शतकापासून युरोपात जात होत्या, थायलंडातही खूप गेल्या, त्यामुळे बाहेरच्या बाहेर फिरलेली जुनी किटली मिळू शकते. पण मग ती कोणाच्या घरातून, कोणत्या लिलावातून आली याचा कागद हवा. 'बघूनच कळतं' असं म्हणणाऱ्याला सांगा की १९३० च्या दशकात शांघायचे जुन्या वस्तूंचे व्यापारी यीशिंगच्या उत्तम कारागिरांना बसवून मिंग-छिंगच्या नकला करून घेत होते. त्या कारागिरांत तरुण गू जिंगझौ स्वतः होता. त्याच्या हातची नकल बघून ओळखणार? (तशी नकल निघाली तर मात्र मला फोन करा, ती अस्सलपेक्षा महाग जाईल.)

फोटोत तिसरीच्या पोटावर जी तकाकी दिसतेय तीही मला पटली नाही. वापरून आलेली चमक हात लागतो तिथे जास्त असते, कानाच्या सांध्यात आणि चोचीच्या बुडाशी कमी. तुमच्या फोटोत सांध्यातच काळपट चकचकीत थर साचलाय. उकळतं पाणी ओतून वास घ्या. वर्षानुवर्षं वापरलेल्या किटलीला चहाचा वास येतो. बुटाच्या पॉलिशचा किंवा मेणाचा आला की उठून घरी या.

आता विकण्याबद्दल. पुण्यात अशी किटली लाखाला घेणारी माणसं किती? तुमच्या शनिवारच्या बैठकीत बसतात तेवढीच, आणि त्यांनाही तेच गृहस्थ विकताहेत. आपल्याकडची लिलावघरं मुख्यतः भारतीय चित्रं, शिल्पं, दागिने बघतात. हाँगकाँगला पाठवायची म्हटलं तर पेटी, विमा, तिकडच्या तज्ज्ञाचा होकार, लिलावघराचं कमिशन. खरेदीदारही हातोड्याच्या भावावर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, वीस टक्क्यांहून जास्त देतो आणि बोली लावताना ते धरूनच लावतो. आमच्या कंपनीतल्या एकानं तिकडच्या एका दुकानातून महागाची किटली घेतली होती. पुढच्या खेपेला तीच किटली घेऊन परत द्यायला गेला. दुकानदारानं प्रेमानं बसवलं, त्याच किटलीत चहा करून पाजला, मातीची तारीफ केली आणि कपाटातल्या तीन नव्या दाखवल्या. परत घ्यायचा विषय शेवटपर्यंत निघाला नाही.

चाकावरची

वारज्यात माझा छोटा सिरॅमिकचा स्टुडिओ आहे. टूलरूमवाले दादांचं बहुतेक पटलं. भर घालते, कारण निनाद आता व्हिडिओ बघून 'तपासणी' करायला जाणार हे मला दिसतंय.

लोक सांगतात की आत बोट फिरवा, कानाच्या मागे उभा सांधा लागला तर हातची. नळकांडं वळवलं की सांधा येतो, हे खरं. पण प्लास्टरच्या साच्यात लादी दाबून केलेल्या किटलीलाही सांधा असतो, आणि पातळ माती ओतून केलेल्या किटलीत मागाहून रेघ ओढता येते. मी स्वतः पाच मिनिटांत ओढून देईन. ओतीव किटली बहुधा आतून फार गुळगुळीत, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, अंगावर दाणा नाही, असं असतं. तेवढी ओळखता येते. पण साच्यात पोट घडवून बाकी हातानं जोडलेली, जिला तिकडे अर्धी हातची म्हणतात, ती आणि पूर्ण हातची यांतला फरक फोटोवरून मी सांगणार नाही. हातात घेऊनही छातीठोकपणे सांगणार नाही. भावात मात्र कितीतरी पटींचा फरक असतो.

टिचकी मारून आवाज ऐकणं विसरा. आवाज भाजणीवर आणि जाडीवर अवलंबून, कारागिरावर नाही. आणि झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबते का, हेही.

टूलरूमवाला

सांध्याबद्दल ताई म्हणतात ते मान्य. धारेची परीक्षा मात्र मी करतो आणि करत राहणार. झाकण गोल फिरवताना कुठे अडकत नाही, हलवलं तर खडखडत नाही, भोक झाकलं की धार तुटते, म्हणजे बसवणाऱ्यानं मन लावून बसवलंय. पण एक खरं, यावरून किटली चांगली आहे का ते कळतं, कोणाची आहे ते नाही. आणि निनादला पैसे 'कोणाची'चे मागितलेत.

हिशेबाची_वही

मी सीए आहे, किटलीतलं मला ओ की ठो कळत नाही. कागदाबद्दल लिहिते.

रोख: एका व्यवहारात एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतली तेवढ्याच रकमेचा. निम्मे म्हणजे २,७०,०००. तेव्हा दंड तुम्हाला नाही, त्यांना. पण बिलाशिवाय रोख देऊन तुम्ही स्वतःचंही नुकसान करता. उद्या खरंच विकलीत तर खरेदीची किंमत दाखवणार कशी? मग विक्रीची रक्कम सगळीच नफा दिसते.

कर: घरातल्या वापराच्या वस्तू विकल्या तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. त्या सवलतीतून दागिने, चित्रं, शिल्पं आणि कोणतीही कलाकृती वगळलेली आहे. 'उस्तादाची कलाकृती' म्हणून प्रमाणपत्रासकट घेतलेली किटली नंतर 'आमची चहाची किटली हो' म्हणून सांगणं जड जाईल. २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर १२.५ टक्के, आणि २३ जुलै २०२४ पासून इंडेक्सेशनही (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. दीर्घ मुदतीचा तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, दुसऱ्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच होतो.

सव्वाशे वर्षांची किटली: शंभर वर्षं ओलांडलेल्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. खासगी माणसाला पुरावस्तू निर्यात करता येत नाही. हाँगकाँगला पाठवायची तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला आणावा लागेल. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं सव्वाशे वर्षं जुनी, आणि सरकारला सांगायचं तशी काही नाही. दोन्ही एकदम कसं जमवणार ते मला कळवा, मी फी घेणार नाही.

'मी परत घेईन': किती दिवसांत, कोणत्या भावानं, आणि ते नसले तर कोण? हे तीन मुद्दे स्टॅम्पपेपरवर लिहून मागा. सही करतात का बघा.

निनाद_कोथरूड

सगळ्यांचे आभार. काल गेलो होतो. लिहून द्यायचा विषय काढला तर म्हणाले, 'हे जग विश्वासावर चालतं, स्टॅम्पपेपर आला की चहाची मजा गेली.' मग मी छिंगवालीत उकळतं पाणी घालून बघू का विचारलं. जुनी आहे, तडकेल म्हणाले. निघायला लागलो तर तिन्ही घेत असशील तर १,२०,००० ला एक देतो, फक्त रविवारपर्यंत सांग. दहा मिनिटांत एका किटलीचे साठ हजार उतरले.

फोटोबद्दलही विचारलं. 'उस्तादांकडे तशा दोन होत्या' असं उत्तर मिळालं.

म्हणजे गुंतवणूक रद्द. पण खरं सांगू, वर्षभर त्या किटलीतला चहा पिऊन हौस लागलीय. वापरायला एक घ्यायची तर काय बघू? आणि किती घालू?

पेठेतला_जावई

सासऱ्यांना पेढे द्या.

टूलरूमवाला

साठ हजार उतरले तेव्हाच भाव कळला. रविवारी फोन करू नका, ते करतील.

वापरायला हवी तर नाव विसरा, पदवी विसरा, खाण विसरा. अर्धी हातची, साधी गोल, शंभर-दीडशे मिलीची घ्या. दोघांना पुरते आणि पानं लवकर उतरतात. लाल झुनी मातीच्या मागे लागू नका. ती भट्टीत फार आकसते, नग फार फुटतात, म्हणून महाग, आणि म्हणूनच झुनीच्या नावाखाली रंगवलेलीही जास्त. साधी जांभळट तपकिरी माती बरी. रक्कम अशी ठेवा की बाईंच्या हातून घासताना कान तुटला तर घरात भांडण होणार नाही. माझ्या फळीवरच्या बहुतेक त्याच भावातल्या आहेत. कोणी चीनला जाणारं असेल तर आणवा, सामानाच्या बॅगेत नको, हातातल्या बॅगेत, झाकण वेगळं गुंडाळून. कुरिअरनं मागवलीत तर कस्टम ड्यूटी धरूनच भाव बघा.

आल्यावर कोऱ्या पाण्यात हळू उकळून घ्या. साबण कधीच नाही, अंगात ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, नसल्यामुळे वास धरून ठेवते. दूध-साखर-आल्याचा चहा तर अजिबात नाही, तो पातेल्यातच करा. यात ऊलाँग किंवा पुएर, नाहीतर दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे दुसऱ्या तोडणीचा चहा. एका किटलीला शक्यतो एकाच प्रकारचा चहा ठेवा.

आणि जून ते सप्टेंबर झाकण उघडं ठेवून वाळवा. पुण्याच्या पावसात ओली किटली झाकून कपाटात ठेवली की आठवड्यात आत पांढरी बुरशी येते. आलीच तर फेकू नका, उकळत्या पाण्यात घालून दोनदा पाणी बदला आणि उन्हात ठेवा. ऊन निघालं तर.